कंत्राटी मामा

१२ नोव्हेंबर

चिमे,

तुझं पत्र पोचलं. पुढच्या वेळी मात्र साध्या पाकिटात घाल. सरकारी शिक्का बघितला की आमच्या पोस्टमनला चौकशा सुचतात, आणि त्या संपेपर्यंत मामीला दारात उभं राहावं लागतं.

फोनवर मी 'बरं आहे, ठीक आहे' यापलीकडे जात नाही, म्हणून लिहून कळव म्हणतेस. खरं आहे. हातात पेन आलं की मला सुचतं. तोंडातले शब्द तोंडातच बसून राहतात. गावच्या शाळेत गुरुजींनी हे लवकर ओळखलं होतं. प्रश्न विचारायचे दुसऱ्यांना, आणि फळ्यावर लिहायला उठवायचे मला. इथेही तेच चाललंय. दारांवरची नावं, धोक्याच्या पाट्या, काहीही रंगवायचं असलं की मलाच हाक येते. गेटवरची 'इथे देशासाठी वीज तयार होते' ही ओळ माझीच. दरवर्षी तिच्यावर नवा रंग चढवतो.

भाषणासाठी वीज केंद्रातलं खरं काय ते हवंय तुला. माझं काम तुला माहीतच आहे. बॉयलरच्या भिंतीला हाताएवढी खिडकी असते. निळी काच डोळ्याला लावून तिच्यातून आत बघायचं. ज्वाळा पिवळी झाली तर एक अर्थ, पांढरी झाली तर दुसरा. शिफ्टच्या सुरुवातीला पहिल्यांदा बघतो तेव्हा मी हात जोडतो. कोणी बघत नसेल तरच.

आणि आमचा फिटर. राखेच्या बाजूला कंत्राटावर आहे. माझा इथला एकच खरा मित्र. छाती पार गेली आहे त्याची. बोलता बोलता थांबतो आणि एक बोट वर करतो. म्हणजे, जरा थांबा, खोकला येतोय. खोकून झालं की वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे जोडतो. एकही शब्द चुकत नाही.

तुझी मुलाखत कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी बघितली. अगदी लक्ष देऊन ऐकत होते. मामी म्हणते, पोरीला सांगा, मध्ये मध्ये श्वास घे.

तुझा
मामा


२६ नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

हे घे साधं पाकीट. मंत्र्यांची सल्लागार असूनही टपालाचं तिकीट मी स्वतः चिकटवलं, हे मामीला सांग.

आता खरी बातमी. तुमची दोन्ही जुनी युनिटं मार्चअखेर बंद होणार. ठरलं. राखेच्या तलावाच्या जागेवर सौर पट्ट्या येतील, कोळशाच्या यार्डात बॅटऱ्या. घाबरू नकोस. 'कायम असो वा कंत्राटी, एकाही माणसाचं काम जाणार नाही, आधी नवं काम, मग बंद' हे वाक्य मसुद्यात मी स्वतः घातलंय. आमच्या पक्षाची सारी अब्रूच त्या वाक्यावर आहे.

परवा टीव्हीवरच्या माणसाने विचारलं, "बाई, तुम्ही नक्की कुठल्या देशाच्या?" सगळे हसले. मीही हसले, आणि नंतर बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत राहिले. देश म्हणजे चिमणी नव्हे, एवढंच म्हणाले होते मी. पण तुमच्या चिमणीवर झेंडा रंगवलेला आहे ना, त्यामुळे मी झेंडाच उतरवायला निघालेय असं लोकांना वाटतं. त्याला उत्तर दिलं, मी एका बॉयलरवाल्याची भाची आहे, अक्षर त्याच्या मांडीवर बसून गिरवलं. नाव नाही सांगितलं तुझं.

एक मागायचंय. शेवटच्या दिवशी कार्यक्रम आहे. बंद करायचं बटण कोणा पाहुण्याने दाबू नये असं मला वाटतं. ज्याने इतकी वर्षं ती आग सांभाळली त्याने तिला निरोप द्यावा. तू दाबशील? मी शेजारी उभी राहीन.

तिथे सांगितलं आहेस ना सगळ्यांना, मी तुझी कोण ते?

तुझी
चिमी


१५ डिसेंबर

चिमे,

उत्तराला उशीर झाला. शिफ्टा बदलल्या होत्या.

तुझं सभेतलं भाषण कॅन्टीनमध्ये लागलं होतं. मी फिटरच्या शेजारीच बसलो होतो. तू म्हणालीस, "माझ्या मामाची छाती त्या राखेने खाल्ली. बोलता बोलता तो एक बोट वर करतो." फिटरचा कप तोंडापाशीच थांबला. मग म्हणाला, "त्या बाईचा मामा अगदी माझ्यासारखा खोकतो की रे." आणि त्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि त्याने बोट वर केलं. टेबलावरचे सगळे त्याच्या बोटाकडे बघत होते. एक जण म्हणाला, "तूच आहेस काय रे तिचा मामा?" फिटर म्हणाला, "असतो तर इथे हा चहा प्यायलो असतो का?"

मी तेवढ्यात साखर आणायला उठलो.

चिमे, माझी छाती चांगली आहे. देवाची कृपा. जे माझं नाही ते माझ्या नावावर नको घालूस. रागावलो नाही, फक्त सांगतोय.

बंदच्या विरोधात गेटवर सभा झाली, ती वर्तमानपत्रात आली म्हणे. मी मागे होतो, नीटसं ऐकू आलं नाही. युनियनचे अध्यक्ष बोलले. ते बोलतातच.

बटणाचं बघू. अजून वेळ आहे. आणि लोकांना सांगण्याचं काय, हळूहळू कळेलच.

तुझा
मामा


२८ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून कान गरम झाले. तू लिहिलेलं ते बोट माझ्या डोक्यातून जाईना. सभेत समोर हजारभर माणसं होती. 'माझ्या मामाचा एक मित्र' असं म्हणायला गेले, आणि तोंडून 'माझा मामा' निघालं. निघालं म्हणजे मीच काढलं. मित्राच्या खोकल्याला लोक हळहळतात, मामाच्या खोकल्याला उठून उभे राहतात. मला ते बोलता बोलताच कळलं होतं. लोक उठले. मंत्र्यांनी पाठ थोपटली. त्या माणसाचा खोकला मी उचलून आणला आणि त्याचं नावसुद्धा विचारलं नाही तुला. त्याला माझ्या वतीने काही सांगता येईल का? नको, तू सांगू नकोस. मी येईन तेव्हा मीच सांगेन.

तुमच्या गेटवरच्या सभेचा फोटो इथल्या वर्तमानपत्रांतही आला. आमच्या कार्यालयात कोणीतरी कापून भिंतीला लावलाय, गंमत म्हणून. गेटसमोर ही गर्दी, आणि पुढे कापडी फलक. 'देशाचा उजेड विकणारी ही बाई आपली नव्हे.' माणसांचे चेहरे फोटोत पुसट आले आहेत. अक्षरं मात्र फार स्पष्ट आहेत. फार सुंदर आहेत. सगळे म्हणाले, शिवी सुद्धा किती नीटनेटकी लिहिली आहे.

हल्ली तिथे फलक कोण रंगवतं, मामा?

चिमी


९ जानेवारी

चि. चिमीस,

इथे थंडी बरीच आहे. मामीचा गुडघा पुन्हा धरला आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय, आणि आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे ती डॉक्टरांनाच बोल लावते. पाण्याची टाकी दुरुस्त झाली.

खोकल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. फिटर विसरला सुद्धा.

फलकाचं विचारलंस. आता बाहेरून पेंटर आणतात. मला वर मान करून ते काम झेपत नाही.

तब्येतीला जप.

आशीर्वाद.


२ मार्च

मामा,

बरेच दिवस लिहिलं नाही. कामं होती, आणि कामं नसतानाही लिहिलं नाही.

मसुद्यातलं ते वाक्य आठवतं? 'कायम असो वा कंत्राटी.' जानेवारीच्या बैठकीत 'कंत्राटी' शब्दावर रेघ मारली. मंत्री म्हणाले, सगळ्यांना एकदम नाही सामावून घेता येणार, समजून घ्या. समोरच्या सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. आम्हीच जर अशी रेघ मारली, तर गेटवर उभ्या असलेल्या माणसांचा राग खोटा कसा म्हणायचा? पुढचे काही दिवस मी आरशात बघताना केस तेवढे बघत होते, चेहरा नाही. मग एका मुलाखतीत सांगून टाकलं की असा शब्द होता आणि तो आम्ही काढला. त्यानंतर मला कोणी रागावलं नाही. फक्त तुमच्याकडच्या कार्यक्रमाच्या यादीतून माझं नाव गेलं.

तेव्हा मी येणार नाही. मंत्री येतील. बटण तू दाबावंस ही माझी सूचना मी आधीच मागे घेतली आहे. तुझं नाव मी तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं, आता सांगणार नाही. तुला त्रास होणार नाही. हवं तर त्या दिवशी रजा टाक.

आणि त्या पेंटरला माझा निरोप दे. म्हणावं, अक्षर झकास आहे. 'देश' लिहिताना तो श ची शेपटी किंचित वर वळवतो. मीही तशीच वळवते. मला दुसरी कोणती येत नाही.

चिमी


२६ एप्रिल

चिमे,

फलक मी रंगवला.

तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तू मला सांगायला जागा करून दिलीस, आणि मी त्या जागेत पेंटर आणून बसवला. तुझं मार्चचं पत्र मी घरात वाचू शकलो नाही. जिन्यात उभा राहून वाचलं. वर गेलो तर मामी म्हणाली, "कळलं ना तिला?" फलक रंगवल्यापासून तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. तुझी ओळख कॉलनीत सांगायची नाही असं मी तिला बजावलं होतं. पहिल्या पत्रात साधं पाकीट मागितलं ते पोस्टमनसाठी नव्हतं.

कसं झालं ते सांगतो. अध्यक्षांनी कापड आणि मजकूर पाठवला. मी वाचला. नाही म्हणता आलं असतं, मान दुखते म्हणता आलं असतं. "अक्षर मोठं काढा, लांबून दिसलं पाहिजे," असा निरोप होता. मी मोठं काढलं. वाईट वाटलं ते नंतर, चिमे. काढताना मी फक्त ओळ सरळ येतेय का ते बघत होतो. शेवटच्या शब्दाला जागा अपुरी पडत होती, म्हणून 'बाई' जरा जवळ जवळ बसवलं. त्या वेळी मला एवढीच काळजी होती.

आणि भीतीने केलं असं म्हणालो तर तेही अर्धंच होईल. थोडा राग होता. ज्या आगीला मी हात जोडले तिच्यामुळे जगाचं वाटोळं होतंय, असं माझीच पोर टीव्हीवर सांगत होती. तुझं बरोबर होतं हे मला कळत होतं. राखेचा तलाव रोज बघतो मी, फिटरला रोज ऐकतो. बरोबर होतं त्याचाच राग होता.

आता त्या दिवसाचं. मी रजा टाकली नाही. मनाशी ठरवलं होतं, काही नाही तर तिथे हजर तरी राहायचं. आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. मी आणि फिटर मध्यावर बसलो होतो. व्यासपीठावर मंत्री, आणि त्यांच्या शेजारी आमचे अध्यक्ष, नवा कोट घालून. मंत्री म्हणाले की आजपासून नवा देश सुरू होतो. गेटवर अध्यक्ष जुना देश वाचवत होते, तेव्हाही टाळ्या याच माणसांनी वाजवल्या होत्या. मीही दोन्हीकडे वाजवल्या.

मग मंत्री म्हणाले, "आमच्या एका सहकारी भगिनी आज येऊ शकल्या नाहीत. पण त्यांचे मामा याच केंद्रात आहेत. या धुराने ज्यांची छाती खाल्ली, त्यांच्याच हातून ही युनिटं बंद व्हावीत. कोण आहेत ते? पुढे या."

तुझं भाषण त्यांच्या लक्षात राहिलं होतं. माझं नाव कोणाकडेच नव्हतं.

 लोक माना वळवून बघू लागले, आणि कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "उठू दे तर खरा." मी खाली बघत होतो. डाव्या बुटाच्या नाडीचं टोक उसवलं होतं. ते मी इतक्या बारकाईने बघितलं की आजही काढून दाखवीन. उठायचं एवढंच होतं. बोलायचंही नव्हतं. पाय माझे होते, शाबूत होते, आणि मी बसून राहिलो.

शेजारी फिटरने बोट वर केलं. मला वाटलं, खोकला येतोय. खोकला आला नाही. तो उठला आणि म्हणाला, "मी आहे साहेब."

पुढे गेल्यावर मंत्र्यांनी त्याचा हात हातात घेतला. विचारलं, "तुम्ही त्यांचे सख्खे मामा?"

"नाही साहेब," फिटर म्हणाला. "कंत्राटी."

सगळे हसले. मंत्रीही हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. फिटरने बटण दाबलं, फोटो काढून घेतला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला. मी विचारलं, "हे काय केलंस?" तो म्हणाला, "खोकला माझा होता. म्हटलं निदान वसूल तरी करू."

सगळे पांगल्यावर मी बॉयलरपाशी गेलो. निळी काच लावून खिडकीतून बघितलं. आत काळं. सवयीने हात वर आले, आणि तसेच खाली घेतले. कुठल्या तोंडाने जोडायचे.

मला वाटलं होतं, हसण्यावारी जाईल. गेलं नाही. आवराआवरीसाठी सगळे अजून कामावर येतात, आणि दुसऱ्या दिवसापासून फिटरच्या टेबलावर माझ्याशिवाय कोणी बसेना. तो आला की "मामा आले, जागा द्या," म्हणायचे आणि स्वतः उठून जायचे. त्याच्या सायकलची हवा काढली. कोणी म्हणालं, देश विकला आणि वर खोकूनही दाखवला. आणि नव्या कामाच्या प्रशिक्षणात त्याचं नाव नाही, कंत्राटी एकाचंही नाही, हे तुला माहीत आहेच. तुझ्या नावाने मिळणाऱ्या शिव्या तेवढ्या त्याला कायम नोकरीवर असल्यासारख्या रोज मिळत होत्या. आणि मी? मी त्याच्या टेबलावर बसत होतो, आणि लोक मला म्हणत होते, "तुझं मन मोठं आहे." चिमे, हे ऐकून मी गप्प बसलो. फलक रंगवला त्यापेक्षा मला याची लाज जास्त आहे.

एकदा त्याला विचारलं, "तुला कधी कळलं, ती माझी भाची आहे?"

"बोटाचं ऐकलं तेव्हाच," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय माझ्या खोकल्याकडे लक्ष कोण देतंय? आणि मग तू साखर आणायला उठलास. तू बिनसाखरेचा पितोस."

"मग बोलला का नाहीस?"

तो सांगायला लागला आणि त्याने बोट वर केलं. बराच वेळ खोकला. मी वाट बघत होतो. पहिल्यांदाच असं झालं की खोकून झाल्यावर त्याने वाक्य पुढे जोडलं नाही. 

मला तोंडाने सांगता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी घरी आलो आणि रंगाचा डबा काढला. आपल्या दारावर माझं नाव आहे, त्याखाली लिहायला घेतलं. मामी मागे उभी राहिली. तिने स्टूल धरून ठेवलं, तेही दुखऱ्या गुडघ्यावर. लिहिलं, 'वीज केंद्र बंद करणाऱ्या बाईंचा मामा.' संध्याकाळची वेळ होती. शिफ्ट सुटलेली माणसं जिना चढता चढता थांबून वाचत होती. कोणी हसलं नाही. शेजारचे माझ्या डोळ्यात बघून आत गेले आणि दार लावून घेतलं.

शेवटी फिटर आला, जिन्यावर दोनदा बसत बसत. वाचलं. म्हणाला, "पुढे 'कायम' लिही. नाहीतर माझ्याशी घोटाळा होईल."

मी लिहिलं.

सकाळी दारावर डांबर फासलेलं होतं. घासून काढलं, वरून पुन्हा लिहिलं. परत फासलं. डांबर पुरतं निघत नाही, त्यामुळे अक्षर आता पूर्वीसारखं सुंदर येत नाही. वाचता येतं. फिटरच्या टेबलावर आता आम्ही दोघंच असतो, पण त्याला कोणी 'मामा' म्हणत नाही. ती हाक आता मला मारतात.

माफी मागत नाही. तुझ्याशी फोनवर बोलायची छाती अजून होत नाही, आणि फिटरची छाती उसनी घेण्याचे दिवस गेले. त्याला काय सांगायचं होतंस ते येऊन सांग. यायचं असेल तेव्हा ये. घर कोणाला विचारावं लागणार नाही. कॉलनीत डांबर फासलेलं दार एकच आहे.

तुझा
मामा